माळ्यावरचा पाहुणा

तार्हेलिया: मी भांडायला आलेली नाही, वहिनी. दादाची पिशवी तेवढी दे, मी जाते.

झोईला: दारातनं ओरडू नका, वन्सं. आत या, त्या पिंपावर बसा. माझे हात लसणाने माखलेत. उद्या बाजाराला आख्खं डुक्कर भाजायचंय आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. कसली पिशवी?

तार्हेलिया: काळी. ओळखपत्र आहे त्यात, कागद आहेत. तुझ्या माळ्यावर राहिली म्हणाला.

झोईला: म्हणाला. म्हणजे तुमच्याकडे आहे तर.

तार्हेलिया: मी असं कुठं म्हटलं?

झोईला: राहू द्या. पहाटे परसातल्या कुंपणापाशी त्याच्या पावलांचे ठसे दिसले तेव्हाच मला कळलं, कुठं जाणार ते. फाउस्तोला दार उघडणारी या गावात आता एकच बाई उरलीय.

तार्हेलिया: भाऊ आहे तो माझा. पाठचा नाही, पुढचा. मला कडेवर घेऊन नदी ओलांडलीय त्यानं. आणि तू, चर्चमध्ये लग्न लावलेली बायको, तू पोलिसांना घरात घेतलंस त्याच्यावर.

झोईला: असं सांगितलं?

तार्हेलिया: सगळं सांगितलं. रात्री पोलीस आले तेव्हा तो खाली उतरून त्यांच्या हवाली व्हायला निघाला होता. तू शिडी काढून घेतलीस. मग क्लेवेर आपणहून गेला त्यांच्याबरोबर, बापाला वाचवायला. सांगताना रडत होता दादा, हुंदके देऊन.

झोईला: जेवला का?

तार्हेलिया: काय?

झोईला: रडून झाल्यावर.

तार्हेलिया: चार अंडी खाल्ली. तीन दिवसांचा उपाशी होता बिचारा.

झोईला: इथून निघताना सहा पाव खाऊन निघाला. असू दे. प्रवासाचा माणूस, भूक लागते.

तार्हेलिया: टोमणे मार तू. तुझी जीभ सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. पण रविवारी घाटात काय झालं ते तुला माहीत नाही. बसच्या मालकानं त्याला दोन रात्री झोपू दिलं नव्हतं. समुद्राकाठाहून आला की लगेच दुसरी फेरी. ब्रेक जुने. वर धुकं इतकं की बसच्या पुढचं चाक दिसेना. बस दरीत गेली यात दादाचा काय दोष?

झोईला: मी कुठं दोष दिला? मालक हरामखोर असेल, मी मान्य करते. ब्रेकही सडलेले असतील. पण बस उलटली तेव्हा मालक पळाला नाही, तो बसमध्येच नव्हता. पळाला तो हा. आतले दिवे चालू होते, वन्सं, माणसं आतून काचा ठोकत होती. मला त्याच बसमधल्या एका बाईनं सांगितलं, डोक्याला पट्टी बांधून बाजारात आली होती. म्हणाली, ड्रायव्हर खिडकीतून बाहेर पडला, त्यानं एकदा मागं वळून बघितलं आणि धुक्यात चालायला लागला. धावलासुद्धा नाही. चालायला लागला.

तार्हेलिया: डोक्याला मार लागला असेल. माणसाला सुचत नाही अशा वेळी.

झोईला: दोघं गेले. एक पोरगा फौजेतून सुटीवर येत होता. आणि दोन्या ओर्तेन्सिया, चीजवाली. माझ्या शेजारच्या ओट्यावर बसायची. अठरा वर्षं. तो मंगळवारी माझ्या मागच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी तिच्या मयतीहून परत येऊन पाय धूत होते.

तार्हेलिया: मग घरात घेतलंस कशाला?

झोईला: मी नाही घेतलं. मी त्याच्या तोंडावर दार लावत होते. ज्या बाईपायी तो अंबातोला गेला, तिनंही तेच केलं असणार, नाहीतर नऊ वर्षांनी माझी आठवण कशाला येते? क्लेवेर मध्ये आला. म्हणाला, आई, दोन रात्रींचा प्रश्न आहे. अकरा वर्षांचा होता पोरगा, बाप गेला तेव्हा. आता वीस वर्षांचा घोडा झालाय, पण बापाला बघितल्यावर चेहरा पुन्हा अकरा वर्षांचा झाला त्याचा. त्या चेहऱ्याकडे बघून मी दारावरचा हात काढला. ती चूक माझी, ती मी कबूल करते.

तार्हेलिया: बघ. पोराचं प्रेम आहे बापावर.

झोईला: होतं ना. आपलं अंथरूण दिलं त्याला माळ्यावर, मक्याच्या कणसांमध्ये जागा करून. आपले नवे बूट दिले, ह्याचे चिखलानं फाटले होते म्हणून. रोज संध्याकाळी कामावरून आला की ताट घेऊन वर जायचा. मी खालून ऐकायची. पोरगा सांगायचा, मी वेल्डिंग शिकलो, माझं असं असं चाललंय. आणि वरून उत्तर काय, तर मीठ कमी आहे. तीन दिवसांत एकदा विचारलं नाही त्यानं, बसमधलं कोण कोण गेलं. एकदाही नाही, वन्सं. मी वाट बघत होते.

तार्हेलिया: आणि मग पोलीस? ते आकाशातून पडले?

झोईला: पोलिसांना कोणी बोलवावं लागत नाही. फरारी माणूस बायकोकडे सापडतो एवढं त्यांनाही कळतं. फक्त दुसऱ्या बायकोनंतर पहिलीकडे यायला त्यांना चार दिवस लागले. रात्री साडेबाराला दार वाजलं. आधी चुलीखालचे गिनीपिग ओरडायला लागले, मग कुत्रा, मग दार. उघडलं तर सार्जंट तिपान आणि दोन पोरगेलेसे शिपाई. तिपान, ज्याच्या आईला दात नाहीत म्हणून दर शनिवारी मी मऊ तुकडा बाजूला काढून ठेवते, तो. मला म्हणतो, बाई, आम्ही तुमच्या नवऱ्याच्या शोधात आहोत.

तार्हेलिया: तू काय म्हणालीस?

झोईला: म्हटलं, नऊ वर्षं उशीर केलात. नवरा गेला तेव्हा मी तुमच्याच ठाण्यात आले होते, क्लेवेरचा हात धरून. तेव्हाच्या साहेबानं वहीसुद्धा उघडली नाही. हसला नुसता. म्हणाला, बाई, तुमचा नवरा हरवलेला नाही, अंबातोत मजेत आहे. तेव्हा हवा होता तर सापडत नव्हता, आता नको झालाय तर रात्री-अपरात्री हुडकायला येता. त्यावर एका शिपायाला हसू आलं, तर तिपाननं त्याला गिनीपिगच्या खुराड्यात बघायला पाठवलं. खुराड्यात, वन्सं. सहा फुटी माणूस. मग पलंगाखाली बघितलं, पिठाच्या पोत्यात काठी घातली. दुसऱ्यानं फळीवरचं चीज हुंगलं आणि तोडून तोंडात टाकलं. दोन्या ओर्तेन्सियाचं शेवटचं चीज होतं ते. मी म्हटलं, खा बाळा, जिच्यासाठी तपास करतोयस तिच्याच हातचं आहे. त्याचा घास तसाच राहिला तोंडात.

तार्हेलिया: आणि शिडी?

झोईला: शिडी मी संध्याकाळीच डुकराच्या गोठ्यामागं टाकली होती. का, ते ऐका. तुमच्या भावानंच सांगितलं होतं तसं. म्हणाला, मी वर असलो की शिडी खाली दिसता कामा नये. हे सांगितलं का तुम्हाला?

तार्हेलिया: नाही.

झोईला: नसेल आठवलं. तर, दाराशी ह्याचे फाटके बूट पडलेले. ते टाकायचे राहून गेले होते माझ्याकडून. तिपाननं उचलले. कोणाचे? मी तोंड उघडायच्या आत क्लेवेर म्हणाला, माझे. घाल बघू. पोरानं घातले. मागं दोन बोटं जागा. म्हणाला, दोन मोजे घालून वापरतो. इतकं वाईट खोटं मी आयुष्यात ऐकलं नाही. पण म्हणाला तो, बापासाठी, सार्जंटच्या डोळ्यात बघून.

तार्हेलिया: माझं लेकरू.

झोईला: तिपाननं वर बघितलं. एक शिपाई म्हणाला, मी चढतो. तिपान म्हणाला, नको, फळ्या कुजक्या आहेत, पाय मोडलास तर सरकार नवा देत नाही. आणि मग माळ्याच्या अगदी खाली उभा राहिला, हात मागं बांधून, आणि मोठ्यानं बोलला. माझ्याशी नाही. वर तोंड करून. म्हणाला, बाप नसेल तर आम्ही मुलाला घेऊन जातो. बापाला जेव्हा आठवेल की आपल्याला मुलगा आहे, तेव्हा त्यानं ठाण्यावर यावं.

तार्हेलिया: दादाला ऐकू गेलं नसेल. तो झोपला असेल.

झोईला: दोनदा म्हणाला, वन्सं. दुसऱ्यांदा सावकाश, देवळात प्रार्थना वाचतात तसं. आणि लगेच गेला नाही. क्लेवेरला अंगणात उभं केलं आणि ते तिघं विडी ओढत थांबले. मी चुलीपाशी उभी. वर बघायचं नाही म्हणून निखाऱ्याकडे बघत होते. विडी संपायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ होता त्याला. माळ्यावरून कणसाचा एक दाणा पडला नाही.

तार्हेलिया: भीती वाटली असेल त्याला. भीती वाटणं हे पाप नाही.

झोईला: नाही. मलाही वाटत होती. ते पोराला घेऊन गेले, दिवा दिसेनासा झाला. मी शिडी लावली. म्हटलं, उतर आता. उतरला नाही. मला वाटलं लाज वाटली असेल, बसू दे अंधारात. चांगले दोन तास झाले. मग वरून आवाज आला. गेले का नक्की? म्हटलं, गेले. तेव्हा उतरला. अंगावरची धूळ झटकली, चुलीपाशी बसला, हात शेकले. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. बोलला. कॉफी आहे का म्हणाला.

तार्हेलिया: वहिनी, मेरीमातेची शपथ घेऊन सांग.

झोईला: तुमच्या मेरीमातेला या घाणीत आणू नका. कॉफी आहे का म्हणाला. मी केली. का केली ते मला विचारू नका, हात आपोआप चालले. पिता पिता म्हणाला, पोराची काळजी करू नकोस, त्याच्याविरुद्ध काही नाही त्यांच्याकडे, दुपारपर्यंत सोडतील. मी उतरणारच होतो, पण पायाला मुंग्या आल्या होत्या.

तार्हेलिया: मुंग्या.

झोईला: मुंग्या. मी क्लेवेरचं जाकीट घेऊन ठाण्याकडे निघाले तेव्हा तो पाचवा पाव खात होता. मागून म्हणाला, माझं नाव काढू नकोस हं. परत आले तर घर रिकामं. गेला ते गेला, पोराचे बूट घालून गेला.

तार्हेलिया: माझ्याकडे आला तेव्हा ते बूट मी पुसले, वहिनी. चिखल झाला होता. चांगले दिसले म्हणून पुसून चुलीपाशी ठेवले. मला म्हणाला, क्लेवेरनं आठवण म्हणून दिलेत.

झोईला: पिशवी त्या कोपऱ्यात आहे. मी उघडलेली नाही. न्यायची असेल तर न्या. कुठं जाणार म्हणतो?

तार्हेलिया: तुल्कानवरून सरहद्द ओलांडतो म्हणाला, आज रात्री. कागद मिळाले की. आणि क्लेवेर? अजून ठाण्यातच आहे?

(आतल्या खोलीचा पडदा बाजूला करून क्लेवेर बाहेर येतो, अंगावर कांबळं, पाय उघडे.)

क्लेवेर: सकाळी दहाला सोडलं, आत्या.

तार्हेलिया: ये इकडे. मारलं का रे तुला?

क्लेवेर: नाही. बाकावर बसवलं होतं, दारासमोर. थंडी होती, बाकी काही नाही.

तार्हेलिया: रात्रभर?

क्लेवेर: दार वाजलं की मी बघायचो. एकदा दारुडा आणला. एकदा कोणाची तरी गाय हरवली म्हणून माणूस आला. पहाटे आई आली, जाकीट घेऊन. सार्जंट काही वाईट बोलला नाही मला. एकदाच म्हणाला, दाराकडे बघू नकोस पोरा, मान अवघडेल.

झोईला: मी तिथंच सांगून टाकणार होते तिपानला. ह्यानं मला बाकावरूनच मान हलवून नाही म्हटलं.

तार्हेलिया: का रे बाबा?

क्लेवेर: तो स्वतः येईल असं वाटलं. उजाडल्यावर. अंधारात भीती वाटते माणसाला. उजाडल्यावर येईल.

झोईला: उजाडल्यावर तो चार अंडी खात होता.

क्लेवेर: आई, पुरे.

झोईला: बरं.

क्लेवेर: सोडताना सार्जंट म्हणाला, जा घरी, तुला ठेवून उपयोग नाही. हसत नव्हता. त्यालाच वाईट वाटल्यासारखं वाटलं मला. तेवढंच लागलं, आत्या. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तार्हेलिया: मी त्याला आता काय सांगू?

क्लेवेर: झोपलाय का?

तार्हेलिया: माझ्या पलंगावर. घोरतोय.

क्लेवेर: झोपू दे. दुपारी चार वाजता मी येतो तुझ्याकडे. हातपाय काही बांधायचे नाहीत, आरडाओरडा नाही. त्याला म्हणणार, चल, आपण दोघं ठाण्यावर जाऊ, तू आणि मी, रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत. काय झालं घाटात ते तू सांग. मालकाचंही सांग, ब्रेकचंही सांग. मी शेजारी बसतो. एवढंच म्हणणार.

झोईला: आणि तो येईल?

क्लेवेर: माहीत नाही. विचारलं पाहिजे.

झोईला: वीस वर्षांचा झालास तू, क्लेवेर.

क्लेवेर: म्हणून तर जातोय. तू येऊ नकोस. तू आलीस की तो तुझ्याशी भांडत बसेल आणि तेच त्याला सोपं जाईल.

तार्हेलिया: पिशवी राहू दे इथंच, वहिनी. मी म्हणेन सापडली नाही.

झोईला: तुम्हाला खोटं जमायचं नाही, वन्सं.

तार्हेलिया: भावाकडून शिकेन. बूट तेवढे घेऊन येते तुझे, क्लेवेर. असा अनवाणी येऊ नकोस, रस्ता थंड आहे.

झोईला: आणि चार वाजता तो नाही म्हणाला तर? की मागच्या खिडकीतून गेला तर?

तार्हेलिया: मागची खिडकी मी बाहेरून लावून आलेय. कशाला लावली ते मलाच कळलं नव्हतं येताना.

झोईला: आणि नाहीच म्हणाला तर?

तार्हेलिया: तर पुढचं दार उघडंच ठेवीन, वहिनी. तिपानला ठोकायला नको.