आजाच्या खंजिरावरचा गरुड

अरे, आमच्या सिंदेवाहीच्या घरी जर्मन फौजेचा खंजीर आहे, हे तुमाले सांगितलंच नाई वाटते! माहा आजा दुसऱ्या महायुद्धात लढला, तवा घेऊन आला होता. मागच्या महिन्यात जुन्या वस्तू विकणारा एक साहेब चंद्रपूरहून तो पाहाले आला. गिऱ्हाइकांसाठी मोबाइलवर वर्णन लिहून राह्यला अन् मोठ्यानं वाचून राह्यला, "लष्करी खंजीर. पातं उत्तम. मुठीवरचा नाझी गरुड मात्र झिजलेला."

माही माय चहा घेऊन आली होती, ती तिथंच थांबली.

"झिजला नाई, साहेब. माह्या सासऱ्यानं कानशीनं घासून काढला. जात पाहून माणसं मारणाऱ्याचं निशाण माह्या घरात नाई पाहिजे, म्हणे. तसंच लिहा."

साहेब हसला. "बाई, असं लिहिलं तर कोण घेईल? त्या गरुडासाठीच तर लोक घेतात."

"मंग देतच नाई," म्हणून मायनं त्याच्या हातचा खंजीर काढून घेतला.

"अहो, पण घरी ठेवून याचं करणार काय?"

"दरसाल करतो तेच. भीमजयंतीचा केक कापू."