करकरणाऱ्या फळ्या

हॅलिफॅक्सच्या एका विनाइल फ्लोअरिंगच्या दुकानात म्यूरिएलचा नंबर दुसरा होता. पुढे एक म्हातारी दुकानदाराशी बोलत होती. तिचा नवरा गालिच्याच्या गुंडाळीवर बसून नमुन्याचे तुकडे खिशात भरत होता.

“मागच्या खोलीचं बाथरूम करतोय. खाली जुन्या लाकडी फळ्या आहेत. स्वस्तातलं काय बसेल?”

“विनाइल, बाई. पण आधी फळ्यांवर प्लाय मारावा लागेल, वीतभर अंतरावर स्क्रू. नाहीतर वर्षात फाटेल.”

“आणि फळ्या करकरतात त्या?”

“एकदम गप्प होतील.”

“मग बाथरूमपुरताच मारा. बाहेर जिन्यापाशी नको.”

“अहो, मग दारात बोटभर उंचवटा राहील. साहेब अडखळतील.”

“एनिड, आपण कुणाचं घर सजवतोय गं?”

“आपलंच, क्लिफर्ड. ते तुकडे ठेव बघू परत.”

म्यूरिएल उगाच नमुन्यांचं पुस्तक चाळू लागली. म्हातारीनं आवाज खाली आणला.

“दारात उतार करा, पट्टी लावा, काय वाट्टेल ते करा. पण बाहेरच्या फळ्यांना हात लावायचा नाही.”

“पण का, बाई?”

“रात्री हा झोपायच्या खोलीबाहेर पडला की पहिली फळी करकरते, मी जागी होते. तिसरी वाजते तोवर सपाता पायात असतात. पाचवीवर मी याचा दंड धरते.”

“आणि सहावीवर गेले तर?”

“सहावी नाहीये. तिथून जिना सुरू होतो.”