वरची जाड तार

घरोघरी केबल येत होती ना, तेव्हाची गोष्ट. आमच्या तंजावुरात माझ्या दोस्ताच्या, डेव्हिडच्या चर्चने पाच तारांची बेस गिटार आणली आणि वाजवायला धरलं मला, आमच्या गल्लीतल्या मराठी रावाला.

मी जन्मभर चार तारांवर वाजवलेलं. हिला वर एक जाड तार जास्त आहे, हे गाणं सुरू होताच विसरलो. बोटं सवयीने सगळ्यात वरच्या तारेवर गेली आणि अख्खं गाणं भलत्याच, खालच्या सुरात सुरू झालं.

कीबोर्डवरून डेव्हिड दातओठ खात म्हणाला, "अरे, तार चुकतोयस."

मला कुठलं ऐकू येतंय? शेवटी त्यानेच बटण दाबून आपला सूर माझ्याइतका खाली आणला.

आणि काय सांगू, सूर खाली येताच इतकी वर्षं नुसते ओठ हलवणारी पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी घसा मोकळा करून गायला लागली. पास्टर बघतच राहिले.

पुढच्या रविवारी मी आठवडाभर घोटून अगदी बिनचूक, मूळच्या उंच सुरात वाजवलं, आणि पुढची रांग परत नुसते ओठ हलवत बसली. बाहेर पडताना त्याच रांगेतल्या डेव्हिडच्या आजोबांनी खांद्यावर हात ठेवला. ते मला तमिळमध्ये 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे.

"असू दे तंबी," ते म्हणाले, "एखाद्या दिवशी चुकतं माणसाचं."