एलियाच्या नावाचा मलिदा

सिपोरा : अगं, काय केलंस हे! उचल, उचल आधी ते ताट तिथून!

मनकर्णाबाई : का गं? पडंल व्हय?

सिपोरा : पडतंय कसलं! मलिद्याचं ताट तू मारियाआईच्या मूर्तीपुढं मांडलंस, वर मेणबत्तीही लावलीस! माझे आजोबा वर बसून कपाळ बडवत असतील.

मनकर्णाबाई : घरातली चांगली जागा तेवढीच हाय, बाई. म्हटलं, नातीच्या नवसाचं हाय, माउलीची पण नजर पडू दे.

सिपोरा : तुझ्या माउलीशी माझं भांडण नाही. पण मूर्तीपुढं ठेवलेलं आम्हा यहुद्यांना चालत नाही. भिंतीला भिंत लावून जन्म गेला आपला, एवढं कळू नये तुला?

मनकर्णाबाई : बरं बाई, चुकलं. ह्या स्टुलावर ठिवते, खिडकीपाशी. हितं माउलीनं मान वळवली तरच दिसंल तिला.

सिपोरा : चेष्टा पुरे. प्रार्थना म्हणायला ठाण्याहून माझे दीर येणार होते, ते गुडघे धरून बसलेत. मीच म्हणते आता. पोहे भिजले, गूळ-खोबरं कालवलं, फळं कापली. तेवढं पोरीला आण—

आगस्तीन : आई! हे काय चाललंय घरात?

मनकर्णाबाई : आलास का आगस्त्या! बरं झालं. पोरीच्या बापानं पण असावंच. अन् हळू बोल, तुझी बाळंतीण रोझलीन आत झोपलीय.

आगस्तीन : हळू काय बोलू! आमच्या फेलोशिपचे पास्टर म्हणत होते तेच खरं. इकडं मूर्ती, तिकडं नैवेद्य. माझ्या पोरीला कशात ओढताय तुम्ही दोघी?

सिपोरा : नैवेद्य नाही रे बाबा. देवाचे आभार मानायचे, एलियाहू नबीचं, तुमच्या बायबलातल्या एलियाचं, नाव घ्यायचं, अन् खायचं आपणच.

आगस्तीन : मावशी, तुमचा मान ठेवून बोलतो. वचन तुमच्या लोकांना आधी मिळालं. पण मशीहा दारात येऊन उभा राहिला, तर तुम्ही कडी लावून घेतली. तुमचा नवस माझ्या लेकरावर नको.

मनकर्णाबाई : जिभंला काही हाड? हिनं तुला अंगाखांद्यावर खेळवलाय!

सिपोरा : बोलू दे. मला सवय आहे. शाळेत गुड फ्रायडे आला की, येशूला मारणाऱ्यांची पोर म्हणून, माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. तूसुद्धा नाही.

मनकर्णाबाई : लांब बसले आसंन, पण डबा तुझाच खाल्ला की!

आगस्तीन : हसण्यावारी नेऊ नका. मावशी, मूर्तीचं तर तुम्हाला पण पटत नाही. खरं सांगा.

सिपोरा : नाहीच पटत. इथं चहाला येते तेव्हा मी तिच्याकडं पाठ करून बसते. पण फेलोशिपला जायला लागल्यावर तू टाकलीस तशी पिशवीत घालून माळ्यावर नाही टाकली.

मनकर्णाबाई : व्हय की! येड्यासारखी शोधीत फिरले मी. सगळ्या मुकुंदवाडीला विचारलं, माझी माउली कुणी पाहिली का म्हणून!

आगस्तीन : बस्स! रिक्षा उभी आहे बाहेर. हे ताट आत्ताच्या आत्ता घरातून गेलं नाही, तर रोझलीनला अन् पोरीला घेऊन मी चाललो. शेंद्र्याला कंपनीजवळ खोली बघतो. परत ह्या घराची पायरी चढणार नाही.

मनकर्णाबाई : माझी नात नेशील? अरं, ती दवाखान्यात काचंच्या पेटीत पडली व्हती, मुठीएवढी, तवा तू जिन्यात डोकं धरून बसला व्हतास. मी माळ जपत व्हते. हिनं मलिदा बोलला. आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या फरशीवर एका चादरीत बसलो, आगस्त्या.

आगस्तीन : अन् आमच्या फेलोशिपनं उपास धरला! माझी पोरगी त्या प्रार्थनेनं वाचली.

मनकर्णाबाई : आसंल! तुमच्या उपासानं आसंल, माझ्या माळंनं आसंल, हिच्या नबीनं आसंल! देवानं कुणाचं ऐकलं ह्याची पावती मागाया जाऊ का आता? नात घरी आली, मी तिन्ही दारांला लोटांगण घालते!

आगस्तीन : तीन दारं नाहीत, आई. दार एकच. वचनात लिहिलंय.

सिपोरा : मग वचनातलंच विचारते. दुष्काळ पडला तेव्हा एलिया कुठं जेवला?

आगस्तीन : करीथ ओहोळापाशी. कावळे भाकर अन् मांस आणून द्यायचे. पहिले राजे, सतरावा अध्याय.

सिपोरा : शाब्बास! अन् ओहोळ आटल्यावर?

आगस्तीन : सारफथच्या विधवेकडं.

सिपोरा : ती आमच्यातली होती?

आगस्तीन : नाही. सिदोनकडची. परकी. पण शेवटी तिनं कबूल केलं, मावशी! परमेश्वराचं वचन सत्य आहे म्हणाली!

सिपोरा : म्हणाली. एलियाच्या प्रार्थनेनं तिचं मेलेलं पोर उठून बसल्यावर म्हणाली. तोवर आमचा नबी तिच्याच हातची भाकरी खात होता. तुझ्या घरात मूर्ती कुणाची आहे, असं विचारून नाही बसला पानावर.

मनकर्णाबाई : आन् हीच गोष्ट आपल्या प्रभूनं त्याच्या गावात, नासरेथात सांगितली, तर गाववाले चवताळले! कड्यावरनं लोटायाच निघाले त्याला. फादरनी चर्चात मिस्साला वाचलं व्हतं.

आगस्तीन : लूक, चौथा अध्याय.

मनकर्णाबाई : मंग! तू कुणाकडचा, लेका? प्रभूकडचा, का गाववाल्यांकडचा?

(पाळण्यात पोर जागी होऊन रडू लागते. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतो.)

सिपोरा : ये गं बाळे, ये माझ्याकडं.

मनकर्णाबाई : रिक्षावाला वराडतोय. काय सांगायचं त्याला? तूच सांग बाबा. माझ्यात तेवढा जीव नाय.

आगस्तीन : (दारात जाऊन) ओ भाई! जाओ तुम! अभी नहीं जाना!

मनकर्णाबाई : माझं सोनं ते!

आगस्तीन : सोनं-बिनं काही नाही. मी ते खाणार नाही.

सिपोरा : नको खाऊस.

आगस्तीन : आमेन पण म्हणणार नाही.

सिपोरा : शब्द आमच्याच हिब्रूतला आहे तो. पण राहू दे.

आगस्तीन : पास्टर मला काय बोलतील, कल्पना आहे तुम्हाला?

मनकर्णाबाई : मला फादर बोलत्याल तेवढंच. दोघं मिळून ऐकून घेऊ.

सिपोरा : चला, सुरू करते मी. आगस्ती, इथं थांबणार असलास तर डोक्यावर रुमाल घे.

आगस्तीन : आमच्यात पुरुष प्रार्थनेला डोकं झाकत नाहीत, मावशी. प्रेषित पौलानं पत्रात स्पष्ट सांगितलंय.

मनकर्णाबाई : झालं का पुन्हा सुरू!

सिपोरा : बरं, तुझं उघडं असू दे. ह्या पोरीचं तरी झाक. खिडकीतून वारं येतंय.

आगस्तीन : द्या इकडं तिला. माझा रुमाल धुतलेला आहे.