एप्रिलपर्यंत थांब

चहा येईस्तोवर आमच्या थोरल्या दादांचं सांगतो. दादा टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस होते, मार्चअखेर निवृत्त होणार होते. मूलबाळ नव्हतं. सोलापुरातला प्लॉट विकून करकंबला, वहिनींच्या माहेरी, दोन खोल्या बांधायचं ठरलं होतं. दिवाळीतच गिऱ्हाईक आलं.

वहिनी म्हणाल्या, "देऊन टाका की. मला आता तितंच राहायचं हाय."

दादांनी समजावलं, "अगं, एप्रिलपर्यंत थांब. नवीन वर्षात पगार नसंल, मग प्लॉटवर कर लई कमी बसंल."

वहिनी थांबल्या. फेब्रुवारीत त्यांना हार्ट अटॅक आला आणि दवाखान्यात न्यायच्या आतच त्या गेल्या.

एप्रिलमध्ये दादांनी ठरल्याप्रमाणे प्लॉट विकला. पुढं रिटर्न भरायला सात रस्ता चौकातल्या एका कर सल्लागाराकडं मीच त्यांना घेऊन गेलो. त्याला घरचं काही माहीत नव्हतं. आकडे बघून तो खूश झाला.

"काका, काय नियोजन केलंय! कर जवळजवळ लागतच नाही."

दादा हळूच म्हणाले, "साहेब, लावा की थोडा. आता वाचवून कुणासाठी ठिवू?"