घरातला सर्वर

रेवसच्या जेटीवर रुचिका लाँचच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे थळचे चंदरबाबा आणि त्यांची लेक प्राप्ती. लेकीने गावच्या होड्यांची वेबसाइट बनवलीय, हे बाबांनी एव्हाना अख्ख्या रांगेला सांगून टाकलं होतं.

"कुणाची होडी कुठं लागली, सगळं मोबाइलवर दिसतं. आणि चालतं कुठनं? आमच्या घरातल्या कंप्युटरवरनं."

"बाबा, हळू बोल. ते आता घरातनं हलवायचंय. कंपनीचा सर्वर भाड्याने घेऊ."

"स्वतःचं घर असताना भाड्याच्या जागेत?"

"आपल्याकडे वीज जाते."

"येते की परत."

"गेल्या वादळात गेली, तेव्हा वेबसाइट बंद पडली. आई मोबाइल घेऊन बंदरावर उभी होती. तुझी होडी कुठं हाय, तिला दिसतच नव्हतं."

बाबांनी जेटीमागच्या खाडीकडे हात केला.

"मी हितंच होतो. रेवसच्या खाडीत."

"थळला का न्हाय आलास?"

"तसल्या वाऱ्यात? खाडीत आडोसा हाय, बाय."

"मग होडी रेवसवाल्यांची झाली का?"

"त्यांची कशी होईल? होडी माझीच."

रांग पुढे सरकली, बाबा तिथेच उभे. तेवढ्यात त्यांना गावातून फोन आला.

"बोल, विनेश. व्हय, लेकीबरोबर मुंबईला चाललोय. वेबसाइट? ती घरातनं हलवतोय आता. बंद कशाला करू? अरे, पोरीचं काम एवढं वाढलंय, घरात मावंना झालंय."