श्रीगणेश-पक्का

देवासची बस लागायची होती. मंगलाबाई पिशवी मांडीवर घेऊन जरा सरकल्या, तशी माधव नगरच्या कंप्युटर ऑफिसातून सुटलेली दोन पोरं, जयू आणि सुमीत, बाकावर येऊन टेकली.

"सेठजी काय म्हणाले, जयू?"

"धर्मशाळांच्या बुकिंगची वेबसाइट झाली, आता एकालाच ठेवणार म्हणाले."

"मग तुलाच ठेवतील. फोल्डर कसे लावलेस तू! फोटो वेगळे, बुकिंग वेगळं, यात्रेकरूंची माहिती वेगळी."

"त्याचीच तारीफ केली. म्हणाले, बेटी, इतकं साफ लावलंस की आता कुणालाही बसवलं तरी काम चालेल."

"आणि माझं?"

"तुझा 'श्रीगणेश' उघडला. त्यात 'श्रीगणेश-नवा', त्याच्या पोटात 'श्रीगणेश-पक्का'. खोल्या कुठल्या भरल्या, कुठल्या रिकाम्या, सगळं त्यातच कुठेतरी."

"अगं, देवाच्या नावानं सुरुवात करावी, आमच्याकडे असंच असतं."

"सेठजींना काही कळेना, आणि देवाचं नाव बघून पुसायला हात होईना. म्हणाले, हा लडका गेला तर यातलं शोधणार कोण?"

"म्हणजे मी राहतोय?"

"हो, तू राहतोयस."

"यार, हे बरोबर नाही. मी बोलतो त्यांच्याशी."

"कधी?"

"बघतो ना. मूड बघून बोलावं लागतं."

बस लागली. मंगलाबाई उठल्या, पण पायरीशी त्यांची पावलं रेंगाळली. मागे बाकावर जयू म्हणत होती,

"सुमीत, महिनाअखेरपर्यंत आहे मी. तुझेही फोल्डर नीट लावून देऊ?"

"नको गं. राहू दे तसेच."